लग्नाच्या दिवशी घरी कोण

लग्नाला चार दिवस राहिले असताना अश्वजित वाशीमहून एक खोकं घेऊन आला, आणि जावयालाही मिळाला नसता एवढा मान इंझोरीच्या त्या घरात त्या खोक्याला मिळाला. धाकटा भाऊ धम्मपाल नुकताच पुण्याहून येऊन पोचला होता. पाठीवरची बॅगही न उतरवता त्याने खोकं फोडलं, आतला कॅमेरा ओसरीच्या खांबावर चढवला आणि दादाच्या मोबाइलमध्ये अख्खं अंगण आणून दाखवलं. अंगणातली शेळी मोबाइलमध्ये चालताना पाहून बायकांनी कामं टाकली.

अश्वजितला कॅमेरा सुचला तो उगाच नाही. तो वाशीमच्या एका कार्यालयात लिपिक होता आणि फाइलला फीत बांधून गाठ दोनदा ओढून पाहिल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. त्या हंगामात तालुक्यात दोन लग्नघरं फुटली होती. दोन्ही ठिकाणी अख्खं घर लग्नाला गेलेलं आणि चोर भरदुपारी आलेले. त्यांना पत्ता शोधावा लागला नव्हता, कारण तारीख, वेळ, गाव सगळं पत्रिकेत छापलेलं असतं. ह्या घरच्या पत्रिकेचा मजकूर तर बाबांनी, म्हणजे पंजाबराव गुरुजींनी, स्वतः लिहिला होता. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, अर्धवट माहिती देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, 'मंडळी सकाळी ठीक सात वाजता इंझोरीहून निघतील व सायंकाळी सहा वाजता परततील.' अशा चारशे पत्रिका मानोऱ्यापासून अकोल्यापर्यंत वाटून झाल्या होत्या. चोरांनाही सहकुटुंब यायचं आमंत्रण द्यायचं तेवढं राहिलं होतं.

भागिरथा आत्या आतून तूर पाखडायचं सूप घेऊन बाहेर आली. मोबाइलमध्ये तिला स्वतःचीच पाठ दिसली. ती जरा वेळ पाहत राहिली आणि मग सूप खाली ठेवलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण अश्वजित, ह्या कॅमेऱ्याले चोर दिसते. मी चोराले दिसतो. एवढा फरक हाय बावा."

"म्हणजे?"

"म्हणजे चोरी झाल्यावर तुले अकोल्यात लग्नात बसून पाह्यले भेटीन. मी असली तं पाह्यचं कामच पडत नाई."

सगळे हसले. धम्मपालही हसला, अश्वजित तेवढा हसला नाही. आत्या पुढे सहज म्हणाली, "अन् मी तं हावोच घरी. तुमी निघा बिनघोर."

झालं. विषय मिटला. बाबा मंडपवाल्याला फोन लावायला वळले, धम्मपालने बॅग उतरवली. ज्या घरात आत्या आहे त्या घरात हा प्रश्न कधीच दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकला नव्हता.

"मंग मी बी घरीच हावो," ओसरीच्या कोपऱ्यातून दीपा म्हणाली.

दीपा म्हणजे धम्मदीपा, नवरी. हातावर मेंदीचे नमुने काढून पाहत बसली होती. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे ऐकू उशिरा आलं आणि कळायला त्याहून उशीर लागला.

"काय म्हणली?" बाबांनी फोन खाली घेतला.

"आत्या बसमधे बसल्याबिगर मी बसत नाई. बस खाली जाऊ द्या अकोल्याले."

दीपा अकरा महिन्यांची असताना आई गेली. त्याच्या पुष्कळ आधी, बाविसाव्या वर्षी, भागिरथा आत्या किन्हीराजाहून पांढऱ्या कपाळाने माहेरी परतली होती. दीपाला तिनेच वाढवलं. लहानपणी दीपाला कुणी 'तुझी आई कुठाय' विचारलं की ती स्वयंपाकघराकडे बोट दाखवायची.

"बेटा, घर कोणी तरी राखाव लागते," बाबा म्हणाले. "अन् बाईच्या खोलीत तांड्याच्या पेट्या हायेत."

हेही खरंच होतं. दिवाळी झाली की जवळच्या तांड्यातले लोक ऊसतोडीला जात आणि सहा महिने घरं बंद राहत. तांड्यातल्या म्हाताऱ्या भुरीबाईचा मुलगा किशन आणि सून चंदा निघताना आपली पत्र्याची पेटी भागिरथाबाईच्या हवाली करून जायची. त्यांचं पाहून आणखी तीन घरांच्या पेट्या आल्या. आत काय आहे हे आत्याने कधी विचारलं नाही. किल्ल्या तिच्या कमरेच्या कडदोऱ्याला आणि पेट्या तिच्या खाटेखाली. सोळा वर्षांत एका पेटीचा कोयंडाही हलला नव्हता.

"एखादा गडी लावू एका दिवसाकरता," धम्मपालने तोडगा काढला.

"अन् त्या गड्यावर कोणाले ठेवशीन?" बाबा म्हणाले.

"कॅमेरा हाय ना," अश्वजित म्हणाला. स्वतःच्या खोक्याची बाजू घेणारा तो एकटाच उरला होता.

"तुमचा कॅमेरा बंद करा जरा," नीलिमा म्हणाली.

नीलिमा अश्वजितची बायको. अकरा वर्षांत सासऱ्यासमोर तिने आवाज चढवला नव्हता, आणि आजही चढवला नाही. ती आत गेली, कपाटातून लग्नांचे अल्बम आणले आणि खाटेवर ओळीने मांडले. पाच होते. सगळ्यात जुना बाबांच्या स्वतःच्या लग्नाचा, कडा पिवळ्या पडलेला. मधले तीन काकांच्या मुलामुलींचे. शेवटचा अश्वजित आणि नीलिमाचा.

"मामाजी, मी काल पाहून राह्यली होती, दीपाले दाखवाले एखादा फोटो भेटते काय म्हणून," ती म्हणाली. "पाचही पाह्यले. आत्याबाई एकाही फोटोत नाईत."

"ती घरी होती ना," बाबा म्हणाले.

"पाचही वेळा?"

बाबांनी चष्मा काढला. नीलिमा सावकाश बोलत होती, कुणाला टोचावं म्हणून नाही, पण थांबतही नव्हती. "आजोबांनी छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. तुमीच सांगता. विधवा बाई शुभ कामात चालत नाई, हे आपण तवाच सोडलं. कोणी म्हणतही नाई आपल्यात. मग पाच लग्नात ह्या घरची विधवा बाई घरीच काहून बसून रायली?"

पंजाबराव गुरुजी गावच्या प्रत्येक जयंतीला भाषण करत आणि भाषणात ह्या विषयावर त्यांचा आवाज भरून येत असे. आता त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

"बाई, तुले कोणी म्हणलं होतं काय, येऊ नोको म्हणून?"

"कोणी नाई रे," आत्या म्हणाली. सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही. "माणसं कायले म्हणतीन असं. तुह्या लग्नाच्या टायमाले तू म्हणला, बाई, घरी कोणी तरी पाहिजे. मी रायली. दुसऱ्या टायमाले कोणी म्हणलंच नाई. मीच रायली."

अश्वजितला स्वतःचं लग्न आठवलं. आत्या लग्नात नाही हे त्या दिवशी त्याला कळलंसुद्धा नव्हतं. फाइलमधलं एक पान कमी असलं तर ज्याला झोप येत नाही, त्याला घरातलं एक माणूस कमी असलेलं दिसलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटते आहे हे कुणाला दिसू नये म्हणून तो खांबावरचा कॅमेरा उगाच सरळ करत बसला.

"मी राह्यतो घरी," बाबा म्हणाले.

"नवरीचा बाप?" आता आत्या चिडली. "लोकं काय म्हणतीन, अन् पोरगी काय म्हणीन? गुरुजी असून डोकं चालवत नाई."

दीपा रडायला लागली. धम्मपाल म्हणाला, त्यापेक्षा आपण थांबतो. पण स्वयंपाकाचं, गाड्यांचं, भन्तेजींना आणायचं सगळं त्याच्या डोक्यावर, तो थांबला तर लग्नच थांबायचं. ज्याने त्याने आपापला त्याग पुढे केला आणि दुसऱ्याने तो मोडून काढला. अर्ध्या तासापूर्वी जे घर आत्याला ठेवून जायला तयार होतं, तेच आता तिला नेण्यावरून भांडत होतं.

भुरीबाई मघापासून दाराशी बसून निवडलेली मेथी पुढे सारत होती. तांड्यातल्या बंद घरांवर नजर ठेवायला मागे राहिलेली ती म्हातारी सकाळी दोन तास हात लावायला येई. ती म्हणाली, "भागिरथाबाई, मी बसली असती तुह्या घरी. पण माह्या मागं तीस दारं हायेत. एक सांगतो, आमी पेट्या घराले नाई देल्या, तुले देल्या. तू ज्याले बसवशीन त्याच्यावर आमचा भरोसा हाय. पेट्याचं नाव करून घरी बसू नोको."

आत्याचं शेवटचं कारणही भुरीबाईने काढून घेतलं होतं.

"मी राह्यतो," अश्वजित म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दीपाने पदराने नाक पुसलं. "दादा, तू नाई तं..."

"माह्या लग्नात आत्या नव्हती, अन् मले समजलंही नाई," तो म्हणाला. "तुह्या लग्नात मी नसलो तर तुले समजीन तरी. आत्याले जाऊ दे."

आत्या त्याच्याकडे निरखून पाहत राहिली. ह्या पोराला तिने चालायला शिकवलं होतं आणि अजूनही त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. "तुले जमते काय?" ती म्हणाली.

"शिकव."

मग तीन दिवस घरात दोन तयाऱ्या चालल्या, एक लग्नाची आणि एक अश्वजितची. आपल्या आत्याला काय काय येतं हे त्याला पस्तिसाव्या वर्षी कळलं. तिने आधी त्याला परसात नेलं. मागच्या भिंतीला पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग टेकलेला होता. "ही शिडी हाय," ती म्हणाली, आणि अख्खा ढीग त्याच्याकडून दहा पावलं लांब हलवून घेतला. मग भिंतीच्या कडेने सोयाबीनचं वाळलं कुटार, मळणीतला भुसा, पसरायला लावलं, कारण त्याच्यावरून मांजर गेली तरी करकर वाजतं. मागच्या दाराचा अडसर तिने त्याच्याकडून चार वेळा लावून घेतला. पुढच्या दाराला मात्र बाहेरून कुलूप लावायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही.

"कुलूप लावलं म्हणजे घरात कोणी नाई असं लेहून देणं," ती म्हणाली. "दुकानात जायचं काम पडलं तरी दार उघडं ठेवायचं, पडदा सोडायचा अन् शेजारच्या रुख्मिणीले हाक मारून जायचं. चप्पल एक जोडी नाई, पाच ठेवायच्या, लहानमोठ्या. दोरीवर कपडे ओले पाहिजेत. वाळलेले कपडे दुपारभर तसेच रायले की पाह्यणाऱ्याले समजते. अन् चूल पेटव. धूर निंघाला पाहिजे."

"एकट्यासाठी?"

"धुराले माहीत नसते किती जण जेवणार हायेत."

अश्वजितने हे सगळं वहीत लिहून घेतलं. वही पाहून ती हसली, पण शेवटचं सांगताना हसत नव्हती. "कोणी अनोळखी आलं तर वाद करायचा नाई. बसवायचं, पाणी द्यायचं, अन् गाव इचारायचं. खरा पाहुणा गाव सांगते अन् चार नावं जोडते. खोटा घाई करते."

लग्नाच्या दिवशी सात वाजता बस निघाली. सरळ काठाच्या पांढऱ्या साडीतली आत्या खिडकीशी बसली होती आणि बस वळेपर्यंत मागे वळून घराकडे पाहत होती. मग अंगण रिकामं झालं. एवढं शांत घर अश्वजितने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने सडा टाकला, कपडे भिजवले, चपला मांडल्या. पडद्यामागून रेडिओ लावला. कपडे दोनदा वाळले आणि त्याने दोनदा ओले केले. बाराच्या सुमाराला चूल पेटवली. तिकडे अकोल्यात आता दीपा उभी राहत असेल, हे मनात आलं तेव्हा त्याचे डोळे भरले, आणि धुराने भरले असं सांगायलाही जवळ कोणी नव्हतं.

साडेबाराला मोटरसायकल थांबली. दोघे उतरले. चांगले कपडे, एकाच्या हातात पत्रिका. तीच, बाबांनी लिहिलेली.

"गुरुजींचं घर हेच ना? लग्नाले आलो होतो."

लग्न अकोल्यात आहे हे त्याच पत्रिकेवर ठळक अक्षरात होतं. बोलणारा अश्वजितकडे पाहत होता आणि दुसऱ्याची नजर दाराच्या कडीवरून भिंतीवर, भिंतीवरून परसाकडे फिरत होती. ओरडावं, असं वाटलं. कॅमेऱ्याकडे बोट दाखवावं, असंही वाटलं. पण त्याने खाट ओढली.

"या ना, बसा. पाणी घ्या. गाव कोणतं?"

"इकडचंच," पहिला म्हणाला.

"इकडचं म्हणजे? किन्हीराजाकडचे काय? आमच्या आत्याचं सासर तिकडंच." आणि पडद्याकडे तोंड करून त्याने हाक दिली, "नीलिमा, चहा टाक वो, पाहुणे आले." आवाज फाटेल अशी भीती होती, फाटला नाही. तो आत गेला, दोन भांडी वाजवली, रिकाम्या खोलीला "धम्मपालले उठव" म्हणून सांगितलं आणि तांब्या घेऊन बाहेर आला. पलीकडून रुख्मिणीबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि डोळ्यांवर आडवा हात धरून पाहुण्यांना न्याहाळत होत्या. "कोण आलं रे अश्वजित?" त्यांनी विचारलं.

पाहुण्यांनी पाणी घेतलं नाही. घाई आहे म्हणाले. मोटरसायकल वळली तेव्हा अश्वजितने नंबर पाहून घेतला आणि लगेच पोलीस पाटलांना फोन केला. ते चोर होते की खरोखरच चुकलेले कुणी, हे पुढेही कळलं नाही. फोन ठेवल्यावर त्याने नंबर वहीत लिहून घेतला आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

सहाला बस परतली. दीपा सासरी गेली होती, आणि एक माणूस कमी झाल्यावर घर जसं येतं तसे सगळे आले, मोठ्याने बोलत आणि मध्येच गप्प होत. बाबा पाय पसरून ओसरीवर आडवे झाले. आत्या सरळ आपल्या खोलीत गेली, वाकून खाटेखाली पाहिलं, बाहेर येऊन अश्वजितसमोर उभी राहिली.

"कोण आलं होतं?"

त्याने सगळं सांगितलं. पत्रिका, कडीवरची नजर, न घेतलेलं पाणी. ती मान हलवत ऐकत होती, त्याला नंबर लिहून घेतल्याबद्दल शाबासकी दिल्यासारखी. मग हळू आवाजात विचारलं, "भेव वाटलं काय?"

"वाटलं."

"मले बी वाटे."

"दर टायमाले?"

"दर टायमाले." ती त्याच्याशेजारी खाटेवर बसली. "दिवसभर भेव वाटे. पण सांगतलं असतं तं तुमी मोकळ्या मनानं गेले असते काय?"

अश्वजितला एवढी मोठी बाई आपल्या घरात राहत होती हे आज कळलं. चाळीस वर्षं भाषण न करता, हार न घेता, एकटी दाराशी बसून तिने हे घर सांभाळलं होतं, आणि घराने त्याला 'आत्या घरी आहे' एवढंच नाव दिलं होतं. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण ती अवघडली असती, म्हणून त्याने विचारलं, "आत्या, लगन कसं झालं?"

"चांगलं झालं. सांगतीन ना तुले हे सारे."

"हे थकले. तू सांग. पह्यल्यापासून."

तिने त्याच्याकडे नवल केल्यासारखं पाहिलं. आणि मग सांगायला लागली. कारंज्याच्या पुढे बसमधे वारा कसा लागला. कार्यालयात व्याह्यांनी तिला पुढच्या ओळीत कसं बसवलं, आणि ती दोनदा मागे जाऊन बसली तर दीपाने दोनदा हाताला धरून कसं पुढे आणलं. सरणं गच्छामि म्हणताना पोरीचा आवाज कापला तेव्हा आपला आवाज आपोआप कसा वाढला. हार घालून झाल्यावर दीपा आधी कोणाकडे आली. हे सांगताना तिने पदर तोंडाशी धरला.

"किती लोकं असते रे लग्नात," ती शेवटी म्हणाली. "मले वाटे, लहानसंच असत असीन." मग म्हणाली, "दर टायमाले मी चहा मांडून बसो. म्हणे, आता येतीन, कोणी तरी सांगीन कसं झालं म्हणून. तुमी थकून येत. झोपून जात."

आतून नीलिमा चहाचे कप घेऊन येत होती, ती दारातच थांबली. अश्वजित आत्याकडे वळून बसला.

"आत्या," तो म्हणाला, "माह्या लग्नाचं सांगू काय तुले?"

"अकरा वर्षं झाले त्याले."

"हो."

तिने पाय वर घेतले, पांढरी साडी पायांखाली नीट सारली आणि नीलिमालाही बसता यावं म्हणून खाटेवर बाजूला सरकली.

"सांग," ती म्हणाली.